सांध्यांना वेगळी वायर

कुडचड्याच्या वीज ऑफिसात एकतीस वर्षं
लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या मी.
एक फेज गेलाय. पंखा फिरतो पण वारा नाही. तारेवर माड पडलाय.
आता तक्रार माझीच आहे
आणि वहीच्या पलीकडे कोणी बसलेलं नाही:
सांधा बदलला की गाडी अडखळते.

गाडी एवढीशी. वितीत दोन डबे.
क्लबाने टाकून दिलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलावर
कुळें स्टेशन मांडलंय, मीटरगेजच्या काळातलं:
पाण्याची टाकी, बिमलांचं झाड,
घाटात मागून ढकलायला थांबलेलं जादा इंजिन.
आणि सहा सांधे. प्रत्येकाच्या पोटाखाली
तारेच्या दोन गुंडाळ्या,
एक इकडे ओढणारी, एक तिकडे.
वर दारावरच्या घंटीची बटणं. स्वस्त पडली.

माझा बाप, शाबलो वेळीप,
त्या स्टेशनावर सांधेवाला होता.
शेवटच्या वाघिणीचा लाल दिवा पुढे सरकेपर्यंत
हात दांडीवरून काढायचा नाही,
माशी नाकावर बसली तरी नाही.
जेवायला बसला की डाव्या तळव्यातून
ग्रीसचा वास यायचा. आई वाटी जरा लांब सरकवायची.

म्हणून मीही बटण धरून ठेवलं,
सगळे डबे पलीकडे जाईपर्यंत.
तिसऱ्या संध्याकाळी टेबलाखालून धूर,
जळक्या वार्निशचा वास थेट स्वयंपाकघरात.
बायको म्हणाली, माशांना लागला तर बघ.

कायतान आला. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा,
आता मोबाइलची कव्हरं विकतो
आणि जुनं कौशल्य अंगठ्यात जपून ठेवतो.
टेबलाखाली उताणा झोपला, चष्मा कपाळावर,
बराच वेळ नुसतं हं, हं.
मग आतूनच म्हणाला,
धरून दवरूं नाका रे. हाका एक धपको पुरो.
आणि एकाच नळावर न्हाणी नि रांधप?
रुळांचा ट्रान्सफॉर्मर रुळांना.
सांध्यांना वेगळी वायर.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या टीव्हीतून काढलेला
अंगठ्याएवढा निळा कॅपॅसिटर घेऊन आला.
जुन्या स्टॅबिलायझरचे सोळा व्होल्ट, चार डायोड,
वायर जाड, कारण बारीक वायरीत
अर्धा जोर वाटेतच मुरतो
(हे मला ठाऊक होतं. अशा तक्रारींची एक वही भरली होती).
हा सावकाश भरतो, कायतान म्हणाला,
आणि ओततो सगळं एकदम.
मग तू बटण रात्रभर दाबून बस,
गुंडाळीला घोट एकच मिळणार.
फक्त, हात सोडल्याशिवाय
तो परत भरत नाही.

खट्.
गाडी अडखळली नाही. तिला कळलंसुद्धा नाही.

आता मी बटण धरून बसतो. काही जळत नाही.
शेवटचा डबा जातो, मग सोडतो.
काही गरज नाही, हे मला माहीत आहे.

काल आठच्या सुमाराला लाईट गेली.
गाडी बिमलांच्या झाडाजवळ थांबली,
इंजिनाचा दिवा विझला.
सवयीने म्हणालो, फेज गेला असेल.
सवयीनेच बटण दाबलं

आणि काळोखात, सगळ्या गावाची वीज गेलेली असताना,
खट्.

निळ्या डब्यात एक घोट उरला होता.

सांधा कुठल्या बाजूला पडला ते दिसेना.
बायको मेणबत्ती शोधत होती, भांडी वाजत होती.
मी बोट पुढे केलं,
रुळाची जीभ चाचपली,
फट राहिली आहे का,
नखाएवढीसुद्धा,
जसा तो बघायचा, कंदील खाली ठेवून,
पावसात, ओणवा.

चिकटली होती.
तरी बोट तिथेच ठेवलं थोडा वेळ.